आतून काळा पडलेला दात
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली, घरसंसार सांभाळणारी बाई. आज उभी राहिले ती एका दातापायी. मंडळाच्या जुन्या फोटोंत पाहा, प्रत्येक वेळी माझ्या तोंडाला पदर आहे. लहानपणी निर्गुडेच्या काठी पडून समोरच्या दाताला मार बसला होता. पुढे त्याची नस मेली, रूट कॅनाल झाले, दुखणे थांबले; पण दात काळा पडत गेला. "ही खर्रा खाते की काय?" अशी कुजबुज कानी येई. मीठ घासले, कोळसा घासला. हिरड्या सोलून निघाल्या, दात तसाच!

एका ठिकाणी तर "दात कापून टोपी बसवा" एवढेच सांगितले. मन धजेना. शेवटी नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खर्र्याचा डाग वरचा. तुमचा आतला. मार लागला तेव्हा दाताच्या सूक्ष्म नळ्यांत रक्त मुरले, ते काळवंडले. म्हणून औषधही आतूनच भरायचे."

औषधे मुख्यतः तीन. पहिले तीस-पस्तीस टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड. गुण लवकर येतो; पण ते हिरडी भाजते, आणि वरून उष्णता दिली तर पुढे मुळाशी दात झिजण्याचा धोका असतो. 1979 साली असे रुग्ण नोंदले गेले. दुसरे सोडियम परबोरेटची पूड, पाण्यात कालवून. ही रीत 1961 सालची. गुण सावकाश, पण धोका कमी. तिसरे कार्बामाइड पेरॉक्साइड. त्यातून साधारण तिसरा हिस्साच पेरॉक्साइड सुटते, म्हणून तेही सौम्य. बायांनो, कपडा भट्टीत घातला तर लवकर उजळतो, पण विरतो. तसेच हे.

मला परबोरेट दिले. आधी मुळावर सिमेंटचा थर दिला, म्हणजे औषध खाली झिरपू नये. मग पूड भरून दात तात्पुरता बंद केला. दर आठवड्याला पूड बदलायची, अशा तीन खेपा एस.टी.ने केल्या. नंतर पक्के भरले. रंग काही वर्षांनी पुन्हा उतरू शकतो, हेही त्यांनी सांगितले. दात फार पोखरलेला असेल तर मात्र टोपीच बरी.

तेव्हा भगिनींनो, कोणते औषध आणि मुळावर थर दिला का, हे दोन प्रश्न डॉक्टरांना विचारायला लाजू नका. घरी प्रयोग करू नका. आणि पोराचा दात आपटला तर दुखत नाही म्हणून बसून राहू नका, लगेच दाखवा.

यंदाच्या फोटोत मी पदर खाली ठेवणार आहे.