संग्राहकाचं श्रेय

सेव्हिलचे बिशप इसिदोर यांच्याविषयी एक मत फार जुनं आहे. माणूस बहुश्रुत, पण नुसता संग्राहक. स्वतःचं असं त्यांनी काही सांगितलंच नाही. मला हे मत पटत नाही, आणि न पटण्याचं कारण त्यांच्या काळात आहे. इसिदोर जन्मले इ.स. 560च्या सुमारास. पश्चिमेचं रोमन साम्राज्य मोडून तेव्हा ऐंशीएक वर्षं झाली होती. स्पेनवर व्हिसिगॉथ राजांचा अंमल होता. राजे ख्रिस्ताला देवपित्याच्या बरोबरीचा न मानणाऱ्या एरियन पंथाचे आणि प्रजा बहुतांशी कॅथलिक. 589 साली टोलेडोच्या धर्मपरिषदेत राजा रेकारेडने कॅथलिक पंथ जाहीरपणे पत्करला. त्यामागे इसिदोर यांचे थोरले भाऊ, बिशप लिआंडर यांची खटपट होती. पुढे 600च्या सुमारास त्यांच्या जागी इसिदोर आले, तेव्हा पंथाचा तंटा मिटलेला होता. पाद्र्यांना शिकवायचं काय आणि कशातून, हा प्रश्न मात्र उभा होता. ग्रंथ हाताने उतरवले जात. जे कोणी उतरवून घेणार नाही, ते बुडणार. अशा वेळी काय राखायचं हे ठरवणं, हीच मोठी बौद्धिक जबाबदारी होती.

त्यांच्या ‘एटिमॉलॉजिए’ या कोशाचे 20 भाग आहेत. व्याकरण, वैद्यक, कायदा, देव आणि देवदूत हे तर त्यात आहेतच. पण शेवटच्या भागात खाणंपिणं, भांडीकुंडी, शेतीची अवजारं, घोड्याचा साजही आहे. बिशपाने लगामालाही ज्ञानात जागा द्यावी, ही निवड मला फार मोलाची वाटते. आता आक्षेप असा, की त्यांच्या शब्दांच्या व्युत्पत्ती चुकीच्या आहेत. पुष्कळ आहेतच. मधमाशीला लॅटिनमध्ये ‘आपिस’ म्हणतात. इसिदोर सांगतात, माश्या पायांनी एकमेकींना धरून राहतात म्हणून हे नाव, किंवा त्या पायांविना जन्मतात म्हणून. भाषाशास्त्र दोन्ही नाकारील. पण मधमाशीच्या अळीला पाय नसतात, हे खरंच आहे. यास्काचं निरुक्त ज्यांनी चाळलं आहे, त्यांना ही रीत परकी वाटणार नाही: शब्द उकलायचा तो वस्तू समजावी म्हणून, आणि विद्यार्थ्याच्या लक्षात राहावी म्हणून.

दुसरा आक्षेप याहून जड आहे, आणि तो मला खोडता येत नाही. 633 सालच्या टोलेडोच्या परिषदेचे अध्यक्ष इसिदोर होते. यापुढे कुणा ज्यूवर बळजबरीने धर्मांतर लादू नये, असं तिथे ठरलं. पण राजा सिसेबुटच्या काळात ज्यांच्यावर ते लादलं गेलं होतं, त्यांना परतीची वाट ठेवली नाही. ज्यूंची मुलं आईबापांपासून तोडून मठांत किंवा ख्रिस्ती घरांत द्यावीत, असाही ठराव झाला. ‘काळच तसा होता’ एवढ्यावर हे झाकता कामा नये. बळजबरी चूक आहे हे परिषदेला कळत होतं, म्हणून तर दोष अधिक. कोशाची थोरवी सांगताना ही नोंद पुसायची नाही, आणि ही नोंद आहे म्हणून कोश फेकायचाही नाही.

तो कोश इसिदोर यांच्या हातून पुरा झालाच नाही. सारागोसाचे बिशप ब्राउलिओ वर्षानुवर्षं त्यासाठी तगादा लावत होते. अखेर आजारी इसिदोर यांनी हस्तलिखित जसं होतं तसं त्यांच्याकडे पाठवलं, आणि तपासून दुरुस्त करा म्हणून कळवलं. त्याचे 20 भाग पाडले ते ब्राउलिओंनी.