रान खरडून गेलं, आता काय करावं?
(नभोवाणीवरील भाषण)



पीक गेलं तर पुढच्या हंगामात पुन्हा घेता येतं. पण रानातली मातीच वाहून गेली तर? सप्टेंबर 2025 च्या महापुरात सीनाकाठच्या अनेक शेतकऱ्यांवर ही पाळी आली. कुणाचा मुरूम उघडा पडला, तर कुणाच्या रानात वाळूचा थर बसला.

ध्यानात घ्या, पिकाच्या नुकसानीची मदत वेगळी आणि जमिनीच्या नुकसानीची वेगळी. 2022 ते 2026 या काळासाठी केंद्र सरकारने जे निकष ठरवले, त्यांत अल्प व अत्यल्पभूधारकांना गाळ काढण्यासाठी हेक्टरी 18,000 रुपये आणि वाहून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी 47,000 रुपये होते. ऑक्टोबर 2025 मध्ये राज्य सरकारने खरडलेल्या जमिनीला 47,000 रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी 3 लाख रुपयांपर्यंत मदत जाहीर केली. गाळाने भरलेल्या विहिरीला 30,000 रुपये ठरले. प्रत्येक आपत्तीला नवा शासन निर्णय निघतो, तेव्हा चालू दर तहसील कचेरीत विचारून घ्यावेत.

आता खरी मेख ऐका. त्या निकषांत गाळाचा थर 3 इंचांहून जाड असावा, अशी अट होती. पाणी ओसरलं की आपण घाईघाईने ट्रॅक्टर लावून रान साफ करतो. मग पंचनाम्याला माणसं आली की दाखवायचं काय? म्हणून आधी चार-पाच ठिकाणी खड्डा घेऊन पट्टीने थर मोजा. पट्टी दिसेल असा फोटो काढा. गट नंबर व खरडलेले गुंठे लिहून ठेवा. तलाठी, कृषी सहायक व ग्रामसेवक पंचनामा करतील तेव्हा स्वतः हजर राहा. पंचनाम्यात "पीक नुकसान" एवढंच न लिहिता "जमीन खरडली" किंवा "गाळ साचला" असं स्पष्ट लिहिलंय का, हे वाचून मगच सही करा. सातबारावर नाव आणि आधारला जोडलेलं बँक खाते, दोन्ही ठीक असू द्या.

पैसा हाती आला, तर तो कुठे घालायचा? थोडा हिशोब करू. एका एकरावर 6 इंच माती भरायची तर सुमारे 218 ब्रास लागते. हेक्टरी 47,000 म्हणजे एकरी सुमारे 19,000 रुपये. ब्रासला 90 रुपयेसुद्धा पडत नाहीत! तेवढ्यात सगळं रान भरून निघणार नाही. आणि बांध फुटका ठेवून माती भरली, तर पुढच्या पावसात तीही जाईल.

म्हणून पहिला खर्च पाण्याच्या वाटेवर करा. फुटलेले बांध घाला, दगडी सांडवा काढा, घळी दगडांनी अडवा. त्यानंतर रान सपाट करून तलावातला गाळ जमेल तसा दरवर्षी थोडा थोडा पसरा. गाळाचे आणि जमिनीचे माती परीक्षण आधी करून घ्यावे. पहिल्या वर्षी उसाचा हट्ट नको. ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्याला आला की गाडा, शेणखत द्या, मग मूग-उडीद घ्या.

मंडळी, बोटभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. मदतीचा पैसा एकदाच येतो. तो उरलेली माती राखायला लावा, म्हणजे रान पुन्हा उभं राहील.