मोटार-नौकेचा जलपंप

काशीच्या मणिकर्णिका घाटाला लागूनच उत्तरेस शिंदे घाट आहे. दौलतराव शिंद्यांच्या मृत्यूनंतर ग्वाल्हेरचा कारभार पाहणाऱ्या बायजाबाई शिंदे यांनी तो १८३० च्या सुमारास बांधविला. बायजाबाई या कागलच्या घाटग्यांच्या कन्या. ज्ञानवापीच्या विहिरीभोवतीचा दगडी मंडपही त्यांनीच उभारलेला. घाटाची आखणी मोठी भव्य होती. परंतु तो दगडी भार नदीकाठच्या भूमीला पेलला नाही, आणि बांधकाम खचून पाण्यात उतरले. पुढे १९३७ मध्ये शिंदे घराण्याने घाटाची पुनर्बांधणी केली. घाटाच्या पायथ्याशी एका बाजूस कललेले रत्नेश्वर महादेवाचे मंदिर आजही उभे आहे. पावसाळ्यात त्याचा गाभारा पाण्याखाली जातो, आणि पूर ओसरला की आत साचलेला गाळ उपसावा लागतो.

हा गाळ म्हणजे गंगेचे वैभव आणि तोच यंत्रांचा शत्रू. गंगा आणि ब्रह्मपुत्रा मिळून दरवर्षी सुमारे एक अब्ज टन गाळ वाहून नेतात. त्याच गाळाने बंगालचा त्रिभुज प्रदेश घडविला आणि कोट्यवधी माणसांची शेते पिकविली. पण याच पाण्यातील वाळूचा बारीक कण नौकेच्या यंत्रात शिरला म्हणजे तो कानशीसारखे काम करतो.

काशीचा नावाडी पिढ्यान्‌पिढ्या वल्ह्यावर जगला. पुढे होड्यांवर डिझेलची एंजिने आली, आणि २०२१ पासून त्यांतील पुष्कळशी सीएनजीवर चालू लागली. याहून निराळी जात म्हणजे नौकेच्या मागील फळीवर बाहेरून टांगावयाची मोटार, अर्थात आउटबोर्ड मोटार. अमेरिकेत ओल एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने १९०९ मध्ये अशी मोटार विक्रीस आणली आणि ती जगभर पसरली. वजनाने हलकी, काढघाल करण्यास सोपी, आणि हव्या त्या नौकेवर बसणारी. म्हणूनच हवा भरलेल्या रबरी बचावनौकांवर हीच मोटार वापरतात. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची ११ वी बटालियन वाराणसीतच आहे. गंगेची धोक्याची पातळी येथे ७१.२६२ मीटर धरली जाते. १९७८ च्या महापुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. असा पूर आला म्हणजे घाट एकमेकांपासून तुटतात, प्रवासी होड्या बंद होतात, आणि माणसे सोडविण्याचे काम या छोट्या मोटारींवर येऊन पडते.

अशा वेळी मोटार मध्यधारेत बंद पडली तर काय होईल, हे सांगावयास नको. नौका प्रवाहाच्या स्वाधीन होते, आणि बुडालेल्या पायऱ्या, बुरूज व मंदिरांची शिखरे तिची वाट पाहात असतात. मोटार बंद पडण्याची कारणे अनेक. पण जिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते ती वस्तू म्हणजे पाण्याखाली दडलेला छोटासा जलपंप.

एंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी फार तर एक तृतीयांश उष्णता नौका पुढे ढकलण्याच्या कामी येते. बाकीची धुरावाटे आणि एंजिनाच्या अंगातून बाहेर काढून द्यावी लागते. मोटारगाडीत ते काम रेडिएटर करतो. आउटबोर्ड मोटारीत रेडिएटर नसतो. नदीचे पाणीच वर खेचून एंजिनाभोवती खेळवावयाचे आणि पुन्हा नदीत सोडावयाचे, अशी बहुतेक मोटारींची योजना असते. हे पाणी वर चढविणारा पंप मोटारीच्या खालच्या भागात, दातेरी चक्रांच्या पेटीवर बसविलेला असतो.

त्याची रचना साधी, पण मोठी चतुर आहे. एंजिनापासून खाली येणाऱ्या उभ्या दांड्यावर रबराचा एक छोटा पंखा, म्हणजे इंपेलर, धातूच्या चिमुकल्या चावीने अडकविलेला असतो. तो ज्या गोल घरात फिरतो त्याचा मध्य मुद्दाम दांड्याच्या मध्यापासून किंचित बाजूस ठेवलेला असतो. त्यामुळे फिरताना रबरी पाती अरुंद बाजूस मुडपतात आणि रुंद बाजूस पुन्हा सरळ होतात. पाती उलगडतात तेथे जागा वाढून पाणी आत ओढले जाते. मुडपतात तेथे जागा आटून पाणी वरच्या नळीत ढकलले जाते. एंजिन सावकाश चालत असताना पंप असा काम करतो. वेग वाढला म्हणजे पाण्याच्या दाबाने पाती भिंतीपासून थोडी सुटतात आणि पंखा पाणी बाहेर फेकू लागतो.

या पंखाला वंगण पाण्याचेच. म्हणून मोटार कोरडी चालविणे हा सर्वांत मोठा अपराध होय. काठावर उभ्या नौकेची मोटार ‘जरा चालू होते का पाहू’ म्हणून हवेत फिरविली, तर अवघ्या काही क्षणांत रबर तापून पात्यांच्या कडा जळू लागतात. चाचणी घ्यावयाची असेल तर मोटारीचा खालचा भाग पाण्याने भरलेल्या पिंपात बुडवून घ्यावी. उथळ वाळूवरून जाताना मोटार इतकी उचलू नये की पाणी घेण्याची जाळी हवेत येईल; आणि इतकी खालीही ठेवू नये की ती तळाची वाळू ओढील. काशीत पलीकडच्या पूर्व तीराला वाळूचे विस्तीर्ण पट्टे आहेत. तेथे एंजिन बंद करून वल्ही हाती घेणे हाच शहाणपणा.

पंप बिघडला हे कळावे कसे? चालू मोटारीतून पाण्याची एक बारीक धार सतत बाहेर पडत असते. ही धार म्हणजे पंपाची नाडी. ती क्षीण झाली, तुटक झाली, किंवा तिच्यातून वाफ येऊ लागली तर मोटार तत्काळ बंद करावी. मात्र धार थांबली म्हणजे पंपच गेला, असे लगेच मानू नये. प्रथम खालची जाळी पाहावी. मणिकर्णिकेच्या शेजारच्या या पाण्यात फुलांच्या माळा, कापडाच्या चिंध्या, कोळसा आणि प्लास्टिकच्या पिशव्या तरंगत असतात. त्यांतील एखादी जाळीवर चिकटली तरी पाणी अडते. मग धारेचे छिद्र मऊ तारेने मोकळे करून पाहावे. त्यानंतर उष्णतानियंत्रक झडप, म्हणजे थर्मोस्टॅट, तपासावी. एवढे करूनही धार येत नसेल, तरच पंप उघडावा.

ते काम धीराचे आहे. प्रथम ठिणगीच्या प्लगच्या तारा काढून ठेवाव्यात, म्हणजे प्रोपेलर हाताने फिरविताना एंजिन अवचित चालू होणार नाही. गिअरचा दुवा सोडवून आणि बोल्ट काढून खालचा भाग अलगद उतरवावा. पंपाचे घर उघडल्यावर जुन्या पंख्याची पाती मोजावीत. एखादे तुटलेले दिसले तर त्याचा तुकडा सापडेपर्यंत शोध थांबवू नये. कारण तो वरच्या वाटेत अडकून राहिला, तर नवा पंखा बसवूनही एंजिन तापतच राहील. घराच्या आतील भिंतीवर आणि खालच्या धातूच्या चकतीवर बोट फिरवून पाहावे. वाळूने खोल चरे पाडले असतील तर तेही भाग बदलावेत. चरे पडलेल्या घरात नवा पंखाही पाणी धरू शकत नाही.

नवा पंखा बसविताना त्याला साबणाचे पाणी किंवा ग्लिसरीन लावावे. खनिज तेल काही जातींच्या रबरास बाधते. चावी जागेवर आहे याची खात्री करून दांडा त्याच्या नेहमीच्या दिशेनेच फिरवीत घर खाली दाबावे, म्हणजे पाती योग्य बाजूस मुडपतील. गॅस्केट नवे घालावे. दांड्याच्या दातांना बाजूने ग्रीस लावावे, टोकावर थापू नये. टोकावर साचलेले ग्रीस दांडा पूर्ण बसू देत नाही. पाण्याची नळी आपल्या रबरी कड्यात नीट शिरली पाहिजे. भाग सहज बसत नसेल तर हातोडी उचलू नये. काहीतरी वाकडे आहे, असे समजून पुन्हा पाहावे.

सामान्यतः पंख्याची तपासणी वर्षातून एकदा करावी आणि दोन-तीन वर्षांनी तो बदलावा, असा प्रघात आहे; प्रत्येक मोटारीच्या पुस्तिकेतील मुदत अर्थात प्रमाण मानावी. गढूळ पाण्यात चालणाऱ्या मोटारीला ही मुदत आखूड करावी लागते. महिनोन् महिने निजून राहिलेल्या मोटारीचेही तसेच. मुडपलेली पाती त्याच आकारात ताठरतात आणि ऐन वेळी पाणी उचलीत नाहीत. म्हणून बचावनौकेची मोटार पावसाळ्यापूर्वी उघडून पाहावी, आणि पुराचे काम संपले की स्वच्छ पाण्याने आतून धुऊन काढावी.

रबराचा हा पंखा मुठीत मावेल एवढा, आणि मोटारीच्या मानाने त्याचे मोलही थोडके. पण पुराच्या रात्री एखाद्या छपरावर दिव्याची वाट पाहात बसलेल्या कुटुंबापर्यंत नौका पोहोचणार की नाही, हे पुष्कळदा त्याच्यावरच ठरते. शिंदे घाटाच्या पायऱ्या खचल्या त्या पाण्याखालच्या भूमीमुळे. वरच्या नक्षीत काही उणे नव्हते. नौकेची गोष्टही याहून वेगळी नाही. जो नावाडी पाण्याखालच्या भागाची विचारपूस करतो, त्यालाच नदी सहसा पलीकडे पोहोचू देते.