निवृत्तीचे गाव आणि सायकलचा रस्ता

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

माझ्याबरोबर नोकरी करून माझ्याबरोबरच निवृत्त झालेले, म्हणजे माझ्या सगळ्या थापा ओळखून असलेले मित्रहो,

मंडळाने मला विषय विचारला तेव्हा मी "सायकल" एवढेच सांगितले होते. त्यावर सचिवांनी विचारले, "काका, आरोग्यविषयक का?" मी हो म्हटले. पण आज जे सांगणार आहे ते आरोग्यापेक्षा घर शोधण्याविषयी जास्त आहे. निवृत्तीनंतर खेड्यात जाऊन राहावे असे आपल्यापैकी अनेकांच्या मनात असते. माझ्याही होते. आणि माझी अट एकच होती, की सकाळी उठून दोन तास सायकल चालवता आली पाहिजे. ही अट किती अपुरी होती हे कळायला मला चार वर्षे आणि खांद्याजवळचे एक हाड खर्च करावे लागले.

मी सायकल शिकलो ती इथेच, बूढापाऱ्यात, सप्रे शाळेच्या मैदानावर. वडिलांची चोवीस इंची सायकल, दांड्याखालून पाय घालून, कैंची. तेव्हा बूढा तलावाला फेरी मारून तात्यापाऱ्यापर्यंत गेलो तरी वाटेत चार रिक्षा आणि एखादी जीप भेटायची. आज त्याच रस्त्यावर सकाळी सात वाजता सायकल काढली की घरी परत येईपर्यंत सौ. दाराशी उभी असते. तेव्हा शहर सोडायचे हे ठरले. कुठे जायचे, हा प्रश्न राहिला.

रायपुरातल्या मराठी माणसाला या प्रश्नाचे उत्तर आधीच ठरल्यासारखे वाटते. आजोबा कोकणातून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आले. मग आपण "परत" कोकणात जायचे. मी जन्मात कोकणात सलग आठ दिवस राहिलो नव्हतो, तरी शब्द मात्र "परत" हाच. म्हणून पहिली फेरी दापोलीची. कृषी विद्यापीठाचे गाव, हवा उत्तम, मराठी वर्तमानपत्र दारात, सायकलवाल्यांचा क्लबसुद्धा आहे. बारा दिवस राहिलो. दापोली समुद्रापासून सुमारे आठशे फूट उंचावर आहे. मुरूडच्या किनाऱ्याकडे उतरताना जे सुख मिळते ते सांगता येणार नाही. परतीच्या चढाचे सुख मात्र मी सायकल हातात धरून, पायी, दोनदा बसून घेतले. तिथली माझ्या वयाची माणसे चढतात, नाही असे नाही. पण ती जन्मभर चढत आलेली आहेत. मी तीनशे मीटर उंचीच्या सपाट ताटात वाढलेला माणूस. शिवाय पाऊस. रायपूरला वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, तिकडे साडेतीन हजारांच्या. चार महिने सायकल पडवीत टांगलेली.

आणखी एक किरकोळ वाटणारी गोष्ट. रायपूर दापोलीच्या आठ अंशांहून अधिक पूर्वेला आहे, म्हणजे आपल्याकडे सूर्य अर्धा तास आधी उगवतो. मे महिन्यात इथे साडेपाचच्या आत उजाडलेले असते. उन्हाळ्यात पारा ४४-४५ वर जाणाऱ्या मुलखात हा अर्धा तास सायकलवाल्याला सोन्यासारखा.

(जाता जाता सांगतो, महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन सहजासहजी विकत घेता येत नाही. १९४८ च्या कुळकायद्यातली ती तरतूद आहे. पुष्कळांना हे बयाणा दिल्यावर कळते.)

दुसरी फेरी सेवाग्रामची. कागदावर मांडणी केली असती तर सेवाग्राम पहिले आले असते, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. वर्धा ते सेवाग्राम सपाट रस्ता, पवनारला धाम नदीकाठी विनोबांचा आश्रम, भाषा मराठी, रायपूरहून येणारी हावडा-मुंबई लाईन. आणि खेड्यातच कस्तुरबा रुग्णालय, १९६९ पासून त्याला जोडून वैद्यकीय महाविद्यालय. खेडे आणि मोठे रुग्णालय एकाच ठिकाणी, असा योग फार कमी जागी आहे. ज्यांचे नातेवाईक विदर्भात आहेत त्यांनी तिकडेच पाहावे. आमचे तिकडे कोणी नाही. मुलगा इथे, तुम्ही सगळे इथे, गणपती इथला. रात्री सौ. म्हणाली, "मराठी बोलायला मिळेल हो, पण कोणाशी?" मला उत्तर देता आले नाही.

तेव्हा नजर घराजवळ आली. मी पाटबंधारे खात्यातला माणूस, इकडच्या भाषेत जलसंसाधन. नोकरीची बरीच वर्षे महानदीच्या कालव्यांवर गेली आहेत. कालव्याचे पाणी उतारावरून आपसूक वाहत जावे लागते, आणि तेही हळूहळू, म्हणून कालवा आखतानाच अगदी सौम्य उताराने नेतात. त्यामुळे त्याच्या कडेचा तपासणीचा रस्ता सायकलवाल्यासाठीच केल्यासारखा असतो. हा रस्ता खात्याचा, सार्वजनिक नव्हे; पण पायी आणि सायकलीने गावकरी जातात, त्यांना कोणी अडवत नाही. धमतरीपासून पाच-सहा किलोमीटरवर रुद्री. तिथून निघालेले पाणी खाली रायपूर-बलौदाबाजारकडच्या शेतांपर्यंत येते. वर गंगरेल, १९७८ चे धरण. त्याच्याही आधीचे मुरूमसिल्ली, १९१४ ते १९२३ या काळात बांधलेले, ज्याचे सायफन सांडवे आजही बघण्यासारखे आहेत. याच कालव्याच्या पाणीपट्टीवरून १९२० मध्ये कंडेल गावच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. पंडित सुंदरलाल शर्मा, बाबू छोटेलाल श्रीवास्तव यांच्याबरोबर त्यात नारायणराव मेघावाले होते. त्या डिसेंबरात गांधीजी रायपूर-धमतरीला येऊन गेले. म्हणजे "परत" जायला आपल्याला सह्याद्रीच ओलांडावा लागतो असे नाही.

धमतरीत ख्रिश्चन हॉस्पिटल आहे, १९१० पासूनचे. रायपूर साधारण ऐंशी किलोमीटर. आम्ही रुद्रीच्या खालच्या बाजूला एका गावात गेल्या वर्षी मृगाच्या सुमारास भाड्याने घर घेतले. गावाचे नाव सांगत नाही. सांगितले तर जमिनीचे भाव वाढतील, आणि आम्हाला अजून घ्यायची आहे. भाड्याने आणि तेही ऐन पावसाळ्यात, हे मी मुद्दाम केले. जानेवारीत कुठलेही गाव स्वर्गच असते.

पावसाळ्यात काय कळले? पहिली गोष्ट माती. छत्तीसगढी शेतकरी जमिनीला चार नावे देतो: भाठा, मटासी, डोरसा, कन्हार. भाठा म्हणजे मुरमाड. पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासात सायकल चालते. कन्हार म्हणजे काळी चिकण माती. ती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी भरते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. घर घेण्याआधी सात-बारा काय, इकडचा बी-वन खसरा काय, सगळे बघतात. दाराबाहेरची माती कोणती ते कोणी विचारत नाही. दुसरी गोष्ट गुरे. संध्याकाळी ओल्या शेतातून उठून ती कोरड्या डांबरावर येऊन बसतात, अंधारात दिसत नाहीत. आणि पाऊस संपून सायकलीचा खरा हंगाम सुरू झाला की नोव्हेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत सोसायटीत धान नेणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. अलीकडच्या वर्षांत धमतरी-महासमुंदच्या जंगलपट्ट्यात हत्तीही येऊ लागले आहेत, तेव्हा जंगलाच्या कडेचे निसर्गरम्य प्लॉट दाखवणाऱ्यांना दुरूनच नमस्कार करावा.

आता ते हाड. मला मोकळा रस्ता आवडतो. जिथे समोर कोणी दिसत नाही असा कालव्याचा एक तुकडा मी शोधून काढला होता आणि रोज तिकडे जात होतो. सौ.ला "जरा फिरून येतो" एवढेच सांगायचो, कुठे ते नाही. गेल्या वर्षी श्रावणात एका सकाळी कन्हारावरून चाक घसरले आणि मी बांधाच्या उतारावर पडलो. डावा हात उचलेना. मोबाईल सायकलीच्या पिशवीत, सायकल पाच हात वर. पाच हात! पण ते मला सरकता येईनात. पाऊण तास मी आकाशाकडे बघत होतो. मोकळा रस्ता म्हणजे काय ते त्या पाऊण तासात नीट समजले. मग गुरे घेऊन एक राऊत आला. त्या बाजूला तो रोज येत नसे. एक म्हैस चुकली होती म्हणून आला. खाली वाकून म्हणाला, "बबा, जादा लागे हे का?" आजवर मी इकडे "साहेब" होतो, फार तर "कका". बबा म्हणजे आजोबा. हाडापेक्षा ते जास्त लागले, असे मी तेव्हा सगळ्यांना हसत सांगितले. पण खरे तर त्या क्षणी तो शब्द ऐकून मला रडू आले होते.

शेजारच्या सूनबाईच्या स्कूटीवर बसून सौ. दवाखान्यात पोचली. काही बोलली नाही. चौथ्या दिवशी चहा देताना म्हणाली, "अहो, सायकल तुमची आहे. म्हातारपण दोघांचे आहे. दुसऱ्याच्या स्कूटीवर आणि तुमच्या कॅरिअरवर बसून मी ते काढणार नाही." माझ्या एका स्नेह्यांची गोष्ट तिला माहीत होती. घाटाच्या पायथ्याशी त्यांनी सुंदर घर बांधले. दोन वर्षांत विकले. रस्ता त्यांनी निवडला होता, आणि तिथे दिवसभर घरात वहिनी राहत होत्या.

तेव्हापासून मी रस्ता बदलला. आमच्या गावावरून प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा रस्ता जातो, २००० साली सुरू झालेली ती योजना. रुंदी पावणेचार मीटर, म्हणजे ट्रक भरधाव जाऊच शकत नाही. साडेनऊला त्यावरून शाळेच्या मुली सायकलीने जातात, सरकारच्या सरस्वती योजनेत मिळालेल्या सायकली. आता मी गाव बघायला जातो तेव्हा आधी शाळेच्या वेळेला रस्त्यावर उभा राहतो. नववीतल्या मुलीला आईबाप ज्या रस्त्याने एकटीला सायकलीवर पाठवतात, तो रस्ता म्हाताऱ्याला चालतो. मुली नसतील, तर तिथल्या लोकांना त्या रस्त्याबद्दल काहीतरी माहीत आहे जे दलाल सांगणार नाही. त्या रस्त्यावर माझा वेग कमी झाला. पण पंक्चरवाला, दूधवाला, मितानिन बाई, सगळ्यांना माझी वेळ ठाऊक आहे. एके दिवशी गेलो नाही तर दुपारी विचारायला आले.

पंक्चरवाल्यावरून आठवले. मुलाने मला पातळ टायरची भारी सायकल भेट दिली होती. तिची ट्यूब रायपूरशिवाय मिळत नाही. ती मी त्याला परत दिली. साध्या अठ्ठावीस इंची सायकलची ट्यूब कुठल्याही बाजाराच्या गावात मिळते.

आणि सौ.? तिने स्वतःसाठी बॅटरीची सायकल घेतली. २५० वॉटपेक्षा कमी ताकदीच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या अशा सायकलीला परवाना लागत नाही. हॉलंडमध्ये तिच्या वयाच्या बायका सर्रास अशा सायकली चालवतात हे मी तिला वाचून दाखवले होते, तेव्हा तिने लक्ष दिले नव्हते. कॉलेजनंतर एकदम त्रेसष्टाव्या वर्षी ती शेजाऱ्यांच्या बियाऱ्यात, म्हणजे खळ्यात, आठ दिवस शिकली. पाठीमागे धरायला मी नव्हतो, माझा हात गळ्यात होता. त्याच सूनबाईने धरले. आता ती एकटी धमतरीला जाते. काय आणायला ते सांगत नाही, आणि मी विचारत नाही.

घर अजून घेतलेले नाही. दोन जागा पाहिल्या. एक नगरीच्या बाजूला होती. तो अनुसूचित भाग. तिथे आदिवासींची जमीन आपल्याला घेता येत नाही, आणि कोणी "नोटरीवर करून देतो" म्हणाला तरी घेऊ नये. दुसरी आमच्याच गावात, भाठा जमिनीवर, शाळेपासून दोनशे पावलांवर. तिथे फाट्यावर बस थांबते की नाही हे सौ. स्वतः सात दिवस उभी राहून बघणार आहे. चार दिवस झाले. तीनदा थांबली, एकदा नाही.

विसर्जनानंतरच्या रविवारी ज्यांना यायचे असेल त्यांनी यावे. धमतरीच्या बसच्या टपावर सायकल चढवतात, मोल आधी ठरवून घ्या. पोहे आमच्याकडे. उजाडताच निघू, नऊच्या आत परत येऊ, आणि कोणत्या रस्त्याने जाणार ते घरी सांगून निघू.