धरणगावचा दुष्काळ आणि आपण



मी नाटकाचा अभ्यासक नाही. होमिओपॅथीचा डॉक्टर आहे. रोग्याचं ऐकत बसणं हा माझा व्यवसाय. नाटकही मी तसंच ऐकतो.

महेश एलकुंचवार यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे. 'वाडा चिरेबंदी', 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' ही त्यांची त्रिनाट्यधारा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली वा वाचली असेल. पहिलं नाटक १९८५ साली विजया मेहतांनी रंगमंचावर आणलं. तिन्ही मिळून १९९४ मध्ये 'आविष्कार'ने चंद्रकांत कुलकर्णींच्या दिग्दर्शनात सादर केली. धरणगावच्या देशपांड्यांचं हे घर. तिसऱ्या भागात गावावर दीर्घ दुष्काळ पसरलेला आहे आणि त्या ओसाडीत पराग व अभय हे चुलतभाऊ बोलत बसतात.

पण डॉक्टर म्हणून मला वाटतं, रोग पहिल्याच भागात लागलेला आहे. तात्याजी गेले आहेत, अंगणात ट्रॅक्टर गंजतो आहे आणि तेरवीच्या खर्चावरून भावाभावांत ताणाताणी आहे. घरासाठी राबणाऱ्या चंदूच्या पायाला जखम आहे. ती चिघळते, पण थांबून तिच्याकडे पाहायला कोणाला सवड नाही. आभाळातला दुष्काळ नंतर येतो. विचारपूस आधीच आटलेली असते.

हे नाटक भोपाळच्या मराठी माणसाला जास्त लागावं, असं मला वाटतं. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झालं आणि नागपूरच्या कचेऱ्यांतली कितीतरी माणसं इकडे आली. माझे वडीलही त्यांतच होते. शेती मागे राहिली, ती कोणीतरी सांभाळली. आमची मोठ्या काकांनी सांभाळली. म्हणजे नाटकातला मुंबईला गेलेला सुधीर आपण आहोत, गावी राहिलेला भास्कर नव्हे.

१९७२ च्या दुष्काळात काकांची पत्रं यायची. विहिरीचा तळ दिसतो, बैलजोडी विकली, रेशनचा मिलो खातो. ती पत्रं जेवताना वाचली जात आणि खुंटीवरच्या तारेत अडकवली जात. पुढे मी बीएचएमएस झालो. दवाखाना काढायला पैसे हवे होते, तेव्हा वडिलांनी हिस्सा मागितला. काकांनी विहिरीकडचा तुकडा विकला आणि मुकाट्यानं सही केली. पाणी तेवढ्याच तुकड्यात होतं, हे आम्हाला माहीत होतं.

आम्ही जैन. पर्युषण संपलं की क्षमावाणीचं छापील पत्र मी काकांना दर वर्षी पाठवी. त्यात विहिरीचा उल्लेख मात्र कधी केला नाही. काका गेले. नंतर या नाटकाचा प्रयोग पाहताना चंदूचा पाय दिसला आणि मला पुढचा अंक नीट ऐकू आला नाही.

रोग्याला आम्ही विचारतो, दुखणं केव्हापासून? एलकुंचवार तोच प्रश्न घराला विचारतात. वाचकहो, तुमच्या गावाकडे अजून कोणी शेतात उभं असेल, तर सातबाऱ्यावरच्या नावाची चौकशी करण्याआधी एक फोन करा. यंदा विहिरीला पाणी किती आहे, एवढंच विचारा. मी ते विचारलं नाही, म्हणून सांगतो आहे.