क्रेट भरणारी सुपरहिरो

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात झालेलं भाषण. बोलण्यातलं शक्य तितकं तसंच ठेवलं आहे.)



मला विषय दिलाय, 'मी कादंबरी कशी लिहिली आणि स्वतःच कशी छापली'. वेळ वीस मिनिटं. नंतर अल्पोपाहार आहे, त्यामुळे एकविसाव्या मिनिटाला माझं कुणी ऐकणार नाही याची मला कल्पना आहे.

कादंबरी सुपरहिरोची आहे हे कळल्यावर बी विंगमधल्या एका काकांनी लिफ्टमध्ये विचारलं, "म्हणजे तो पँटवरून चड्डी घालणारा?" नाही काका. माझ्या पुस्तकात तो नाहीच, ती आहे. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट भरायला रोजंदारीवर जाते. पोशाख म्हणाल तर साडीवर पुरुषाचा शर्ट, रानात बायका घालतात तसा.

असले नायक मराठीला नवे नाहीत. इथल्या ज्येष्ठ मंडळींनी बाबूराव अर्नाळकर वाचले असतील, बहुतेक अभ्यासाच्या पुस्तकात लपवून. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या त्या माणसाने. त्यांचा काळापहाड, त्यांचा झुंजार, हे वेष बदलून दुष्टांना धडा शिकवणारे लोक म्हणजे आपले त्या काळचे सुपरहिरोच. मग भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, तो तर आपल्या पुणे जिल्ह्यातला, फुरसुंगीचा. हाताशी एक सायकल आणि तोंडात 'ट्टॉक', एवढ्यावर त्याने दोन-तीन पिढ्या वाचायला लावल्या. समीक्षकांनी अर्नाळकरांना साहित्यात बसायला पाट दिला नाही, हा अन्याय आहे असं माझं मत आहे. पण ते भाषण वेगळं.

माझी अडचण अशी होती की मला आपल्या दोन तालुक्यांतला नायक पाहिजे होता. शोधायला लागले तर पहिला सापडला होन्या भागोजी केंगले, आंबेगाव तालुक्यातल्या जांभोरीचा. 1873 पासून त्याने टोळी जमवून सावकारांवर छापे घातले. लुटलं, काहींची नाकं कापली. 1876 मध्ये मेजर डॅनियल या पोलीस अधिकाऱ्याने त्याला पकडलं. इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये तो दरोडेखोरांचा म्होरक्या आहे. पण त्याच गॅझेटियरमध्ये हेही लिहिलंय की सावकार डोंगरातल्या लोकांना फसवत होते, पिळत होते. त्याच काळात, मे 1875 मध्ये, सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली आणि रोखे, खतं जाळली. सरकार हललं, चौकशी झाली, 1879 मध्ये शेतकऱ्यांसाठी कायदा आला. मला होन्या फार दिवस सोडेना. पण नाक कापणारा नायक आज कुठल्या तोंडाने उभा करायचा? शेवटी तो कादंबरीत आला तो नायिकेच्या आजीच्या तोंडी, गोष्टीतला म्हणून.

दुसऱ्या विठाबाई. नारायणगावात राहून हे नाव घेतलं नाही तर पाप लागेल. ऐन तमाशात कळा सुरू झाल्या, आत जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा फडावर येऊन उभ्या राहिल्या, असं सांगतात. दोनदा राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळालेली ही बाई शेवटचे दिवस हलाखीत काढून 2002 मध्ये गेली. आता मला सांगा, उडता येणाऱ्या माणसाचं काय एवढं कौतुक? माझी नायिका एका बंद पडलेल्या फडातल्या ढोलकीवाल्याची मुलगी आहे, ती यामुळे.

आणि तिसरा बिबट्या. मुलांची मागणी हीच होती. "आज्जी, बिबट्या-मॅन कर ना!" सोपं होतं. डोंगरात वाघोबाची ठाणी आहेत, त्याचा आशीर्वाद मिळाला म्हटलं की झालं काम. पण आपण इथे राहतो. कुकडीचं पाणी आलं, ऊस वाढला, बिबट्या उसात व्यायला लागला. एका बाजूला माणिकडोहचं निवारा केंद्र आहे, पिंजऱ्यातले डोळे मी पाहिलेत. दुसऱ्या बाजूला अशी घरं आहेत जिथलं लेकरू गेलं. त्या घराच्या ओट्यावर बिबट्या-मॅनचं पुस्तक घेऊन मी कशी बसणार? बिबट्या पुस्तकात आहे, पण बिबट्या म्हणूनच आहे.

मग शक्ती कुठली द्यायची? ती सापडली खोडदला. दुर्बीण पाहायला आपली सोसायटीची सहल गेली होती, आठवत असेल. तीस तबकड्या, एकेक 45 मीटर व्यासाची. आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओलहरी त्या टिपतात, आणि आपले मोबाईल, मोटारी, विजेच्या ठिणग्या यांचा गोंगाट त्यांना नको असतो. मला वाटलं, हेच. माझ्या नायिकेला ऐकू येतं. फार ऐकू येतं. उसातल्या पिल्लाचा श्वास, डिंभ्याच्या पाण्याखाली गेलेल्या जुन्या आंबेगावातली हालचाल, आणि पावसाळ्यात डोंगराच्या पोटात मुरणारं पाणी.

इथपर्यंत लिहिलं आणि हात थांबला. डोंगराच्या पोटातलं पाणी लिहिलं की पुढे काय येतं ते तुम्हाला ठाऊक आहे. 30 जुलै 2014. सकाळी एसटी घेऊन गेलेल्या चालकाला गाव दिसलंच नाही, आणि त्याच्यामुळे बाहेर खबर लागली. दीडशेच्या वर माणसं गेली. आपल्यातल्या काहींची नाती होती तिकडे. मी माळीण लिहिलेलं नाही. कादंबरीतलं गाव दुसरं आहे, त्याला नावही नाही. पण वाचणारा तेच वाचणार.

एका प्रकाशकांना हस्तलिखित आवडलं होतं. त्यांचं नाव घेत नाही. ते म्हणाले, शेवट बदला. तिला आवाज येतो, ती धावत जाते, अख्खं गाव बाहेर काढते, वाचकाला समाधान मिळतं. धंद्याच्या दृष्टीने त्यांचं बरोबरच असेल. मी दोन महिने विचार केला. तसं लिहिलं तर त्याचा अर्थ काय होतो? की एक चांगल्या कानाची बाई असती तर सगळे वाचले असते. ज्यांचं घर गेलं त्यांना मी हे ऐकवू? आणि उलट, तिला ऐकूच आलं नाही असं लिहिलं तर ती सुपरहिरो कसली?

आमच्या ह्यांनी जेवताना सहज विचारलं, "पावसाळ्यात तिला सगळेच डोंगर बोलताना ऐकू येत असतील ना? मग पडणारा कुठला, हे तिला कसं कळायचं?" कादंबरी तिथे सुटली. आता पुस्तकात असं आहे की आधी एकदा ती एका वस्तीला मध्यरात्री पावसात बाहेर काढते. डोंगर जागचा हलत नाही. भिजून एक म्हातारा दगावतो. लोक तिच्याशी बोलायचं सोडतात, बाजारात तिला क्रेट भरायलाही कुणी बोलवत नाही. आणि पुढच्या पावसाळ्यात तिला पुन्हा ऐकू येतं. ती बोलते का, बोलली तर किती जण तिच्याबरोबर उतरतात, हे मी इथे सांगणार नाही. पुस्तकाची किंमत 250 रुपये आहे.

तर प्रकाशकांना नमस्कार केला आणि ठेव मोडली. पदरचे पैसे घालून छापणं मराठीत कमीपणाचं मानू नये. साठच्या दशकात ज्यांनी लघुअनियतकालिकं चालवली त्यांनी तेच केलं, आणि आज त्यांच्यावर पीएचड्या होतात.

छपाईचं थोडं सांगते, कारण आपल्यात दोघं-तिघं गुपचूप लिहिणारे आहेत. पुस्तक सोळा पानांच्या फॉर्म्यात बसतं. माझी पानं भरली 229. चौदा फॉर्मे म्हणजे 224. वरच्या पाच पानांसाठी पंधरावा फॉर्मा घ्यायचा तर कागदाचा खर्च वाढतो, म्हणून मारामारीचा एक प्रसंग उडवला. कुणालाच चुकल्यासारखं वाटलेलं नाही. मी टाईप केलं होतं युनिकोडमध्ये, जुळवणाऱ्याकडे जुना फॉन्ट. बदलताना सगळे 'ऱ्ह' आणि 'ऱ्य' फुटले. आता आपल्याकडच्या गोष्टीत कुऱ्हाड, वऱ्हाड, गोऱ्हा यांच्याशिवाय पान सरकत नाही! प्रुफं तीनदा तपासली. एका भल्या माणसाने बोलणंही 'शुद्ध' करून दिलं होतं, 'मंग'चं 'मग' आणि 'व्हय'चं 'होय'. ते सगळं परत होतं तसं केलं. टोमॅटोच्या बाजारात 'होय' म्हणणाऱ्या बाईला कोण भाव देणार?

आयएसबीएन नंबर सरकारकडून फुकट मिळतो, लेखक स्वतः अर्ज करू शकतो. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. आणि 1954 चा कायदा आहे, पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत प्रती ग्रंथालयांना पाठवायच्या. एक कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, बाकी मुंबई, चेन्नई, दिल्लीला. पोस्टातल्या बाईंनी पत्ते वाचून विचारलं, "नातेवाईक का?" मी हो म्हटलं.

विकणं मात्र अवघड. वितरक किमतीतला जवळपास निम्मा वाटा मागतो, म्हणून मीच पिशवी घेऊन फिरले. मंचर, घोडेगाव, ओतूर, जुन्नर. छापल्या पाचशे, आज घरात एकशे चाळीस आहेत, म्हणजे दिवाण अजून नीट बंद होत नाही. घोडेगावात एका मुलीने उभ्या उभ्या पहिलं प्रकरण वाचलं आणि विचारलं, "हिला रात्री झोप कशी लागते?" सगळ्या लिखाणात हा प्रश्न मला सुचला नव्हता. ती झोपते कशी, यावर आता दुसरा भाग चाललाय. तीस पानं झालीत.

सोसायटीच्या ऑफिसात तीन प्रती ठेवल्या आहेत. विकत घ्यायलाच पाहिजे असं नाही. रजिस्टरला सही करून घरी न्या, पंधरा दिवसांत परत द्या, पुढचा फ्लॅट वाट बघत असतो. आणि मुलांनो, पान दुमडायचं नाही. आता उठा, वडे गार होतायत.