तळेगावचे समर्थ विद्यालय आणि आपली मुले
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात झालेले भाषण)



मेळाव्यात चार शब्द बोलावेत अशी आज्ञा मंडळाने केली, तिचा मान राखण्यासाठी मी उभा आहे. मी विद्वान नव्हे. जुन्या अकरावीचा मॅट्रिक, आणि सारी हयात खडूच्या धुळीत घालविलेला मास्तर. तेव्हा शाळेवाचून दुसरे काय बोलणार? परंतु शाळा म्हटली की आपण इमारत आणि निकाल एवढेच पाहतो. ती चालते कशी, बंद कशी पडते आणि तिच्या दारापर्यंत मूल पोचते कसे, याचा विचार आपल्या मंडळात क्वचितच झाला आहे.

हे तळेगाव विद्येच्या खर्चाला जुनेच सरावलेले आहे. सरसेनापती खंडेराव दाभाडे येथे ब्राह्मणांना दक्षिणा वाटीत. १७३१ साली डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले आणि पुढे ती दक्षिणा पेशव्यांच्या हाताने पुण्यात वाटली जाऊ लागली. इंग्रजांचे राज्य आल्यावर १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली, तिचा खर्च त्याच दक्षिणेतून भागला. म्हणजे तळेगावच्या पैशाने पुण्यात विद्या शिकविली गेली. मात्र त्या पंक्तीत आपल्या कासारवाड्याचे पान कधी मांडलेले नव्हते. हे मी रागाने सांगत नाही. हिशेब वाचताना जमेबरोबर खर्चही वाचावा लागतो.

गेल्या शतकाच्या आरंभी माध्यमिक शाळा काढणाऱ्याला दोन दोऱ्या गळ्यात अडकवून घ्याव्या लागत. मुले विद्यापीठाच्या मॅट्रिकेला बसवायची तर मान्यता हवी, आणि अनुदान हवे तर इन्स्पेक्टरची तपासणी हवी. १९०४ साली कर्झनसाहेबांनी हा फास अधिक आवळला. १९०७ च्या रिस्ले परिपत्रकाने तर विद्यार्थी राजकीय चळवळीत दिसले की अनुदान आणि मान्यता दोन्ही जाण्याची भीती हेडमास्तरांच्या मानेवर टांगून ठेवली. अनुदान सोडावे तर मास्तरांचा पगार निघत नाही. मान्यता सोडावी तर मुलाला सरकारी नोकरी नाही आणि बापाचा विश्वासही नाही.

या दोन्ही दोऱ्या तोडण्याचे धाडस ज्यांनी केले, त्यांत प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांचे नाव आपल्या गावाशी कायमचे जोडले गेले आहे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातील हे प्राध्यापक, ‘ग्रंथमाला’ मासिकाचे संपादक. १९०६ साली राष्ट्रीय शिक्षणाचा ठराव कलकत्त्याच्या काँग्रेसमध्ये झाला, त्याच सुमारास त्यांनी समर्थ विद्यालय काढले. ते कोल्हापूर आणि मिरज येथून फिरत तळेगावी आले. मातृभाषेतून शिकवावे, धर्मशिक्षण द्यावे आणि हाताला उद्योगही शिकवावा, असा त्यांचा बेत होता. वर्षाला माणशी एक पैसा या हिशेबाने उभ्या राहिलेल्या पैसा फंडाचा काचकारखानाही येथेच १९०८ च्या सुमारास निघाला. एका गावात एकाच वेळी शाळा आणि भट्टी! त्या काळचे तळेगाव डोळ्यांपुढे आणले म्हणजे मन अजून भरून येते.

पुढे काय झाले ते आपण जाणता. ‘विश्ववृत्त’ मासिकातील पंडित सातवळेकरांच्या एका लेखावरून १९०८ साली खटला झाला. विजापूरकर आणि विद्यालयातील त्यांचे तरुण सहकारी वामन मल्हार जोशी, म्हणजे ‘रागिणी’कार, यांना तीन-तीन वर्षांची शिक्षा झाली. १९१० साली सरकारने विद्यालयही बंद पाडले. मास्तर मंडळी कोठे ना कोठे पोट भरू शकली असतील. पण मान्यता नसलेल्या शाळेत अर्धे शिक्षण झालेल्या मुलांनी कोणते दार ठोठवावे? या प्रश्नाला कोणत्याही गौरवग्रंथात पुरेशी जागा मिळत नाही, याची मला खंत वाटते. विजापूरकरांची जिद्द मात्र अशी, की तुरुंगातून सुटल्यावर त्यांनी तळेगावातच नवे समर्थ विद्यालय उभे केले. १९२६ साली ते निवर्तले.

आता माझ्या आजोबांविषयी थोडे. त्यांनी मराठी शाळा पहिल्या नंबराने संपविली. हायस्कूलसाठी पुणे गाठावयास हवे होते. पुण्याला आगगाडी होती, आणि घर गहाण टाकून फीही भरता आली असती. अडले ते जेवणाचे. गरीब ब्राह्मणाचा मुलगा वार लावून किंवा माधुकरी मागून मॅट्रिक होऊ शकत असे. त्यातही हाल होतेच, पण वाट होती. कासाराच्या पोराला कोणी वार लावून देत नव्हते. आजोबांनी बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकल्या आणि इंदुरी, वडगाव, नवलाख उंबरे असे मावळ पालथे घातले. त्यांची मोडीतील वही माझ्यापाशी आहे. एक आकडा खोडलेला दाखवावा! ‘तुझ्या आजोबाला भाकरी मिळाली असती तर तो मामलेदार झाला असता,’ असे आजी म्हणे, आणि आजोबा काही न बोलता उठून जात.

ही भाकरीची अडचण ज्यांनी नेमकी ओळखली ते शाहू महाराज. १९०१ साली कोल्हापुरात मराठा आणि जैन विद्यार्थ्यांची वसतिगृहे निघाली, मग जातीजातीची निघत गेली. जैन वसतिगृहात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली आणि एका पंक्तीत बसविले. गंमत अशी, की वेदोक्ताच्या वादात विजापूरकरांची लेखणी याच शाहू महाराजांच्या विरुद्ध होती. एकाने सरकारचा फास तोडला, दुसऱ्याने पोटाचा. मला दोघेही वंद्य आहेत. पण माझ्या आजोबांना दुसऱ्याची गरज अधिक होती, हे मी लपवीत नाही.

हे सारे आज सांगण्याचे कारण असे. मंडळाने घेतलेल्या जागेवर मंगलकार्यालय बांधण्याचा ठराव गेल्या वर्षी झाला. त्याला हात वर करणाऱ्यांत मीही होतो, आणि त्याबद्दल मला संकोच वाटतो. तळेगाव-चाकण पट्ट्यात कारखाने आल्यापासून येथील खोल्यांची भाडी आपण पाहतोच. जुन्नर-आंबेगावकडच्या आपल्याच दोन मुली गेल्या जूनमध्ये येथील कॉलेजात प्रवेश मिळूनही राहण्याची सोय नाही म्हणून परत गेल्या. एकीचे वडील माझ्या ओसरीवर बसून होते. चहा घेतला नाही त्यांनी.

कार्यालयाला माझा विरोध नाही, लग्ने व्हावीत. खाली कार्यालय आणि वरच्या मजल्यावर मुलींसाठी दहा खोल्या, अशी ठरावाची दुरुस्ती मी चिटणीसांच्या हाती लेखी दिली आहे. वरच्या मजल्यावरील स्वयंपाकघर आणि पाण्याची वेगळी टाकी यांचा खर्च सध्याच्या अंदाजपत्रकात धरलेला नाही. तो धरून मगच आकडा सभेपुढे ठेवावा, एवढी विनंती करून मी खाली बसतो.